चेकरचा कंडक्टर

सोपानराव घराबाहेर पडताना दोन घंट्या वाजवत. त्यांच्या काठीला बैलाच्या गळ्यातली एक जुनी पितळी घंटी तारेनं आवळून बांधलेली होती. आतला लोलक त्यांनी काढून टाकला होता, कारण तो असता तर चालताना घंटी आपोआप वाजली असती, आणि आपोआप वाजणारी घंटी त्यांना मान्य नव्हती. बोटातल्या लोखंडी अंगठीनं ते ती ठोकत. दार ओढलं, कडी घातली, की टिंग टिंग, आणि मग पहिलं पाऊल. रस्त्यात कोणी भेटलं की एक घंटी, म्हणजे थांबा. बोलणं झालं की दोन, आणि समोरच्याचं वाक्य अर्धं राहिलं असलं तरी सोपानराव चालायला लागलेले असत. अठ्ठावीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण आपण गाडीतून उतरलो आहोत हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्यांचा शेजारी. शेळगावपासून काही मैलांवरच्या एका वाडीत मला हायस्कुलात चित्रकलेच्या मास्तरची नोकरी होती. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून ओळखतात. बायकोची नोकरी बारामतीत, त्यामुळे शनिवारी दुपारी मी तिकडे पळायचो आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत यायचो. उरलेले दिवस भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह आणि भिंतीपलीकडे सोपानराव. साल ब्याण्णव की त्र्याण्णव, आता नक्की आठवत नाही. शेळगाव फाट्यावर एसटीडी बूथ नवीन झालेला होता एवढं आठवतं.

सोपानरावांची भाषाही गाडीतलीच होती. पंगतीत बसले की शेजाऱ्याला म्हणायचे, "पुढं सरकून घ्या." कोणी वारलं की हळहळून म्हणायचे, "त्येंचा थांबा आला." एकदा आमच्या हेडमास्तरांचं भाषण फारच लांबलं, तेव्हा श्रोत्यांतून शांतपणे दोन घंट्या वाजल्या होत्या.

आणि त्यांच्याकडे कुत्रं होतं. त्याचं नाव चेकर. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, अठ्ठावीस वर्सं चेकरला भिऊन नोकरी केली. कुठल्या फाट्यावर हात करंल आन गाडीत चढंल, नेम नसायचा. आता चेकर माझ्या दोरीला हाय." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते पेन्शनच्या दिवशीही दिसत नसे.

चेकर धनगरी कुत्रा होता. माझ्या कमरेएवढा उंच, राखेच्या रंगाचा, डोकं पाटीएवढं. सोपानरावांच्या वारलेल्या बायकोचे भाऊ बिरू अजून मेंढरं राखत. त्यांच्या कळपातलं हे पिल्लू डोळे उघडून आठवडा झाला नाही तोच सोपानरावांनी पिशवीत घालून एसटीनं आणलं. त्याचं हाफ तिकीट काढायचं म्हणून ते कंडक्टरशी इंदापूरपर्यंत भांडले. कंडक्टर म्हणत होता नको, आणि हे म्हणत होते नियम म्हणजे नियम.

घोळ तिथंच झाला. धनगरी पिल्लू मेंढरांत वाढतं आणि गावातलं पिल्लू माणसांत. चेकर वाढला सोपानरावांच्या माजघरात. त्याला जगात एकच माणूस ठाऊक होता. बाकी जे काही दोन पायांवर येईल ते त्याच्या हिशेबी विनातिकीट होतं. बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला लांबूनच तपासून विचारलं होतं, "याला माणसांची सवयच नाही. घरी कोण येतं-जातं?" सोपानराव म्हणाले होते, "पोस्टमन येतो की, म्हैन्याला. पर आता त्यो बी कडुलिंबावर बसून हाक मारतो."

पोस्टमन झाडावर गेला हे काहीच नव्हतं. त्याच गल्लीतल्या एका मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे कडब्याच्या गंजीवर चढले आणि मानपानाचं सगळं तिथूनच ठरलं. मुलीचे वडील अजून सांगतात की वरपक्ष इतका नरमाईनं बोलताना त्यांनी दुसरीकडे पाहिला नाही.

माझी पाळी एका सोमवारी आली. शाळेत तपासणी होती म्हणून मी बारामतीहून इस्त्रीची नवी पँट घालून आलो होतो. चेकरची दोरी सुटली होती. पुढचा तपशील सांगत नाही. त्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मी पूर्ण वेळ टेबलामागे बसून राहिलो, आणि साहेबांनी शेऱ्यात 'शिक्षक आदबशीर नाहीत' असं लिहिलं.

संध्याकाळी मी तक्रार घेऊन आबांकडे गेलो. आबा म्हणजे वाडीतलं शेवटचं कोर्ट. पारावर दहा-बारा माणसं जमली, सोपानरावांना बोलावणं गेलं. एक घंटी वाजली आणि ते उभे राहिले.

आबांनी निकाल दिला. "चैतात जत्रा हाय. पै-पाव्हणं येणार, लेकरंबाळं येणार. तवर कुत्रं माणसांत आलं तर ऱ्हाईल. न्हाय आलं, तर जत्रंच्या आदल्या दिशी बिरूच्या कळपामागं धाडायचं. बिरू करमाळ्याकडं चाललाय, घिऊन जाईल. आन तवर एकट्यानं फिरवायचं न्हाय. दोगं पायजेत. दुसरा कोण?"

पारावरची माणसं एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

"मास्तर जातील," आबा म्हणाले.

"आबा, मला चावलंय म्हणून तर मी आलोय."

"म्हणूनच की. तुमची वळख झालीया."

सोपानरावांकडे मी पाहिलं तर ते काठी दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि बोलणं संपलं तरी दोन घंट्या वाजल्या नव्हत्या. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. कुत्रं जाईल या नुसत्या कल्पनेनं माणूस पांढरा पडला होता. मला नाही म्हणवेना. तसाही तिथं मला कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाच वाजता आमची गाडी सुटायला लागली. कालव्याच्या अलीकडे आमच्याकडे ऊस, भाज्या, केळी, सगळं हिरवंगार. कालवा ओलांडला की पुढे माळ. तिथं पाण्यानं कधी पाय ठेवला नाही. मैलोन् मैल खडक, मुरूम, गुडघ्याएवढं वाळलेलं कुसळी गवत आणि मधूनच एखादं हिवराचं झाड. मेंढरांच्या खुरांनी पडलेली एक वाट तेवढी त्यातून जाते. कुसळं मोज्यातून थेट कातडीत शिरतात. माघातच तिथं खडक तापलेले होते. माझ्या खांद्यावर पाच लिटरचं पाण्याचं डबडं असायचं, आणि ते कुत्र्याचं असायचं. मी एकदा त्यातलं पाणी मागितलं तर सोपानराव म्हणाले, "शेवटच्या थांब्याला बघू, उरलं तर."

दोर एसटीच्या टपावर सामान बांधायचा असतो तसला होता. एक टोक चेकरच्या पट्ट्याला, मध्ये सोपानराव, शेवटी मी. टिंग टिंग झालं की चेकर निघायचा, एक टिंग झालं की थांबायचा. हे त्याला पक्कं येत होतं. पण पहिल्याच दिवशी गवतातून एक चिंकारा उठला आणि चेकर घंटीबिंटी विसरला. सोपानरावांनी अनुभवानं दोर सोडला. मला तो अनुभव नव्हता. मी पोटावर बरंच अंतर कापलं. मागून सोपानराव ओरडत होते, "मास्तर, चालत्या गाडीतनं उतरू नगा."

वाटेवर त्यांनी थांबे ठरवले होते. हिवर, पांढरा धोंडा, बोरीचं बन आणि शेवटचा थांबा ओढ्याची खोरी. प्रत्येक थांब्यावर ते पुकारायचे, "हिवर, हिवरवाले उतरून घ्या." उतरणारं कोणी नसायचं. मी आणि चेकर त्यांच्याकडे बघत उभे राहायचो. ते थोडा वेळ थांबायचे, वाट बघितल्यासारखं करायचे आणि दोन घंट्या द्यायचे.

आता माणसांची सवय लावायची तर माणसं हवीत, आणि माळावर माणूस नाही. मी एकटा किती वेळा अनोळखी होणार? तरी मी पुढे जाऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कधी घोंगडं पांघरून परत यायचो. सोपानराव चेकरला समजवायचे, "पॅसेंजर हाय. आपलाच हाय." चेकर मला ओळखून शेपूट हलवायचा. तीन आठवड्यांत मी त्याचा इतका लाडका झालो की माझ्यावर प्रयोग करण्यात काही अर्थ उरला नाही.

तेव्हा मी शाळेतले खोक्यांचे पुठ्ठे घेतले आणि माणसं रंगवली. पूर्ण मापाची. खाकीतला पोस्टमन, धोतर-टोपीतले गंजीवरचे पाहुणे, नऊवारीतली एक बाई, आणि फेट्यासह आबा. चित्रकलेच्या मास्तराला आयुष्यात एवढं महत्त्वाचं काम पुन्हा मिळालं नाही. आम्ही ती माणसं वाटेवर दगडांचे टेकू लावून उभी केली. पहिल्या दिवशी चेकरनं पोस्टमनचा एक पाय खाल्ला. दहा दिवसांत तो त्यांच्यामधून निमूट चालायला लागला. फक्त आबांपाशी पोचला की मागचा एक पाय वर करायचा. रोज. मी आबांना दोनदा नव्यानं रंगवलं.

गंमत म्हणजे त्या पुठ्ठ्यांची सवय चेकरपेक्षा सोपानरावांना जास्त लागली. "राम राम, पोस्टमन. पत्र न्हाय आलं व्हय? बरं, बरं." "बाई, पिशवी मांडीवर घ्या, पुढं सरका." एकदा मी मागं राहिलो होतो आणि त्यांना वाटलं मी ऐकत नाही. गंजीवरच्या पाहुण्याला ते सांगत होते, "पोरगा चिंचवडला हाय. कंपनीत. लई काम असतं त्येला. रविवारी फाट्यावर जाऊन फोन लावतो मी, सुनबाई उचलती, बरं हाय म्हणती." पाहुणा वाऱ्यानं जरासा हलला. सोपानरावांनी त्याचा टेकू सरळ केला.

एके दिवशी बोरीच्या बनापाशी बिरूंचा कळप भेटला. सोपानराव छाती काढून म्हणाले, "आता बघा मास्तर, रगात कसं बोलतंय." शे-दीडशे मेंढरं वाटेवर आली. आणि एवढं थोरलं धनगरी कुत्रं, ज्याच्या आज्या-पणज्यांनी लांडग्यांना पळवलं, ते सोपानरावांच्या दोन पायांत डोकं घालून उभं राहिलं. एका कोकरानं त्याचा वास घेतला तर ते खाली बसलं.

बिरू हसून हसून घोंगडीवर लवंडले. "दाजी, ह्ये कुत्रं माझ्या मागं लावू नगा. ह्येला राखायला मला दुसरं कुत्रं पाळावं लागंल."

सोपानराव हसले नाहीत. कळप निघून गेल्यावर त्यांनी एक घंटी दिली आणि बोरीखालच्या एका धोंड्यावर बसले. "मास्तर, मी बी मेंढरांना भीत हुतो," ते म्हणाले. "बापानं लई मारलं. म्हणून पळालो आन एसटीत लागलो. तितं मला कदी भ्या वाटलं न्हाय. गाडी भरली की झोप बी यायची मला, उभ्या उभ्या. साठ-साठ माणसं. कोण रडतंय, कोण भांडतंय, कोण डबा सोडतंय. आता ताटावर बसलं की भिताडाला टेकून बसतो. सरकून बसा म्हणाय बी कोण न्हाय." चेकरच्या कानातून ते कुसळं काढत होते. "बिरूकडं गेला तर मरंल ह्यो. मेंढरांत बी न्हाय आन माणसांत बी न्हाय. कुठं जाईल मग?"

मी न मागता डबड्यातलं पाणी चेकरच्या पुढे ओतलं.

त्या भेटीनंतर सोपानरावांनी चेकरला तिसरी घंटी शिकवली. माळावर लांडगे होते, आणि मेंढरांना भिणाऱ्या कुत्र्याची त्यांच्यासमोर काय अवस्था होईल याची त्यांना धास्ती वाटायला लागली होती. तीन टिंग झाले की चेकरनं दात काढून गुरगुरायचं. तो ते फार मन लावून करायचा. ओठ मागं, मानेवरचे केस उभे, आवाज असा की ठाऊक असूनही मी दोन पावलं मागं सरकायचो. फक्त शेपूट त्याच्या ताब्यात नव्हतं. तोंड लांडग्याला फाडून खायला निघालेलं असायचं आणि शेपूट मागं आनंदानं हलत असायचं. सोपानराव म्हणायचे, "लांडगा काय मागं जाऊन बघणार हाय व्हय."

जत्रेचा आदला दिवस आला. आबा, पोस्टमन आणि गंजीवरून लग्न ठरलेल्या त्या मुलीचे वडील असे तिघं परीक्षक माळावर आले. सोपानरावांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. पुठ्ठ्याची माणसं आम्ही आदल्या रात्रीच खोरीत लपवली होती. बिरू आपलं बिऱ्हाड घोड्यावर लादून बाजूलाच उभे होते, म्हणजे नापास झाला तर कुत्रं लगेच न्यायचं.

पोस्टमन आधी आला. चेकरनं त्याच्याकडे बघितलं आणि जांभई दिली. मुलीचे वडील हातात काठी घेऊन आले, चेकरनं काठीचा वास घेतला आणि सोडून दिली. मग आबा निघाले. फेटा, पांढरं धोतर, सावकाश चाल. हुबेहूब माझं चित्र.

चेकरचे कान उभे राहिले. तो ओळखीच्या माणसाकडे जावा तसा आबांकडे गेला, त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि धोतराच्या सोग्यापाशी थांबला. मागचा पाय जमिनीवरून सुटला. मी डोळे मिटले.

एक घंटी वाजली.

डोळे उघडले तेव्हा चेकर तीन पायांवर उभा होता, चौथा हवेत, आणि घंटीचा मान राखून तसाच थांबला होता.

"काय करतंय त्ये?" आबांनी विचारलं.

"नमस्कार करतंय, आबा," सोपानराव म्हणाले. "मास्तरांनी शिकवलंय."

आबा खूश झाले. त्यांनी चेकरच्या पाटीएवढ्या डोक्यावर हात ठेवला, चेकरनं तो चाटला, आणि निकाल लागला. कुत्रं राहणार. बिरूंनी घोडा हाकला, पण त्याआधी वाकून चेकरच्या तोंडात भाकरीचा तुकडा दिला. आबा मला म्हणाले, "मास्तर, सुटलासा तुमी. उद्यापासनं यायची गरज न्हाय. त्येचं त्यो फिरवंल."

मी मोठ्यानं हसलो आणि हात जोडले. सोपानरावही हसले. मग दोन घंट्या दिल्या आणि पुढे निघाले. परतीच्या वाटेवर बोरीचं बन आलं, पांढरा धोंडा आला, हिवर आला. त्यांनी एकही थांबा पुकारला नाही. मला वाटलं, दिवसभराचं उपाशी माणूस आहे, दमलं असेल.

जत्रा झाली. चेकरनं पाहुण्यांच्या लेकरांकडून कान ओढून घेतले, रेवड्या खाल्ल्या. मी बारामतीला जाऊन सोमवारी परत आलो. शाळेतून आलो, स्टोव्ह पेटवला, चहा केला. आता संध्याकाळी चित्रं काढायची असं दोन महिने घोकत होतो, म्हणून कागद लावून बसलो. पाच वाजले. पलीकडे कडी वाजली. मी पेन्सिल धरून दोन घंट्यांची वाट बघत राहिलो. त्या वाजल्याच नाहीत. आणि मला चिडल्यासारखं झालं, कोणावर ते कळेना. खोली फार लहान वाटायला लागली.

थोड्या वेळानं माझ्याच दारावर थाप पडली. दारात सोपानराव, हातात दोर, दोराला चेकर. काठी त्यांनी पाठीमागे धरली होती.

"मास्तर, घोटाळा झालाय."

"काय झालं?"

"परत बिगाडला."

"कोण? चेकर? परवा तर लेकरं त्याच्या पाठीवर बसली होती."

"त्ये परवा. आज लई वंगाळ करतंय. माणूस बघितला की अंगावर जातंय. आबास्नी कळलं तर न्हाय ऱ्हायचं काय खरं." ते माझ्याकडे बघत नव्हते, आढ्याकडे बघत होते. त्यांच्या पाठीमागे अगदी हलक्या हातानं, चोरून, घंटी वाजली. टिंग, टिंग, टिंग.

चेकरनं ओठ मागं घेतले, मानेवरचे केस उभे केले आणि माझ्याकडे बघून असा गुरगुरला की स्टोव्हवरचं झाकण थरथरलं असेल. त्याचं शेपूट मागं दाराच्या चौकटीवर थाड थाड आपटत होतं.

सोपानरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांत ज्यानं कधी खोटं तिकीट फाडलं नाही, पिशवीतल्या पिल्लाचंही हाफ काढलं, तो माणूस माझ्या दारात उभा राहून लबाडी करत होता, आणि त्याला ती नीट येतही नव्हती.

"हे तर फारच धोक्याचं आहे," मी म्हणालो. "एकट्यानं न्यायचं कामच नाही."

"त्येच म्हंतो मी."

मी पेन्सिल खाली ठेवली, चपला घातल्या, डबडं खांद्यावर घेतलं. "सोपानराव, गाडीत जागा आहे का?"

"हाय की. पुढं सरकून घ्या," ते म्हणाले, आणि काठी पुढे आणून त्यांनी दोन घंट्या दिल्या.

माझी बदली होईपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं आणि चार महिने, चेकर काही सुधारला नाही.